बुडबुडा नव्हता तो

डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या काचेला लावली आणि डाव्या छातीच्या वरच्या भागावर पेन टेकवलं. तिथं बोराएवढा एक पांढुरका डाग होता. "इथं शॅडो आहे," ते म्हणाले. शॅडो म्हणजे सावली. फुप्फुसात हवा असते म्हणून ते फिल्मवर काळं दिसतं. जिथं पांढरं दिसतं तिथं हवेच्या जागी दुसरंच काहीतरी भरलेलं असतं. "थुंकी तपासून घेऊ. मला ट्युबरक्युलोसिसचा संशय येतोय. टीबी. क्षय."

मी खुर्चीतून उठलो, फिल्म त्यांच्या हातातून काढून घेतली, उजेडाकडे धरली आणि हसलो. खरंच हसलो.

"साहेब, हा बुडबुडा आहे," मी म्हटलं.

मी फोटोग्राफर. कुरखेड्याच्या बाजारचौकात माझा स्टुडिओ. विहारातली लग्नं, शाळेचे ग्रुप फोटो, रेशनकार्डाचे फोटो, मेल्या माणसाच्या जुन्या फोटोवरून मोठा फोटो, सगळं मीच. फिल्म औषधात बुडवताना हलवली नाही, तर तिच्यावर हवेचा बुडबुडा चिकटून बसतो. त्याच्याखाली औषध पोचत नाही आणि तेवढी जागा कोरी राहते. नवशिके हमखास ही चूक करतात. एक्स-रेही फिल्मच, तीही औषधातच धुतात. तेव्हा मी डॉक्टरांना चार गोष्टी ऐकवल्या. तुमच्या एक्स-रेवाल्याला म्हणावं, जरा हात हलवत जा. पाहिजे तर मी येऊन शिकवतो.

डॉक्टर शांत माणूस. "भाऊ, फोटो तुमचा विषय, छाती माझा," ते म्हणाले. "थुंकी देऊन जा."

दिली नाही. फिल्म गुंडाळून काखेत मारली आणि चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, स्टेशनावर येऊन वडशाची छोटी गाडी पकडली. गाडीभर मी एका मास्तरला ती फिल्म दाखवत होतो, बघा, असा असतो बुडबुडा.

गडचिरोली जिल्हा वेगळा झाला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. दिवाळी नुकतीच झाली होती. हे सगळं मी आता लिहून काढतो आहे ते तुमच्यातला कोणीतरी असाच शहाणा असेल म्हणून. आपल्या धंद्यातली अक्कल आपल्या जिवावर चालवू नका. मी चालवली, आणि ती फक्त माझ्या जिवावर बेतली असती तर एवढं लिहायला बसलोही नसतो.

घरी माझी बायको शांता आणि सहा वर्षांची बेबी. बेबी माझ्या कुशीत झोपायची. दुसरीकडे झोपवली तर उठून येऊन पुन्हा माझ्या पांघरुणात शिरायची. त्या हिवाळ्यात मी खोकत होतो आणि ती माझ्या छातीला नाक लावून झोपत होती.

संध्याकाळी बारीक ताप यायचा. पहाटे बनियन घामानं भिजायची. खोकल्याचं मी फिक्सरवर ढकललं. फिक्सर म्हणजे फोटो पक्का करायचं औषध, त्याचा वास घशात बसतो. शांता म्हणायची, "अवो, तुमचा सदरा खुंटीवर टांगल्यावानी दिसून राह्यला. पुन्ना एकडाव दवाखान्यात चाला ना." मी म्हणायचो, "तुले काय समजते त्यातलं?" आणि ती गप्प बसायची.

शिमग्याच्या सुमारास लग्नाचे फोटो छापत होतो. घरातल्याच डार्करूममध्ये लाल दिवा. जोराची उबळ आली. खांद्यावरचं पांढरं फडकं तोंडाला धरलं. तोंडात खारट चव आली. फडकं दिव्याखाली धरून पाहिलं, ओलं होतं पण पांढरंशुभ्र. म्हटलं, चला, काही नाही. आणखी सहा फोटो छापले. तीनदा खोकलो, तीनदा फडकं पाहिलं.

दार उघडून बाहेर उजेडात आलो. शांता अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. माझ्याकडे बघून तिच्या हातातलं सूप खाली पडलं. "बाप्पा! अवो, हे काय?"

फडकं रक्तानं माखलेलं होतं. लाल उजेडात लाल रंग दिसत नाही, पांढराच वाटतो. हे मला ठाऊक नव्हतं? त्याच उजेडात अर्धं आयुष्य काढलं होतं मी!

पुन्हा चांदा. पुन्हा तेच डॉक्टर. मला वाटलं होतं, झापतील. त्यांनी झापलं नाही. नवी फिल्म आणि माझी जुनी फिल्म त्यांनी खिडकीला शेजारी शेजारी लावली. बोराएवढा डाग आता लिंबाएवढा झाला होता आणि त्याच्या मधोमध एक काळं भोक होतं. "याला कॅव्हिटी म्हणतात. फुप्फुस आतून कुरतडलं जाऊन खड्डा पडलाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बुडबुडा वाढला, भाऊ. आता थुंकी द्याल?"

दिली. निकाल आला, स्पुटम पॉझिटिव्ह. म्हणजे थुंकीत जंतू. म्हणजे प्रत्येक खोकल्याबरोबर ते बाहेर पडताहेत, समोरच्याच्या श्वासात जाताहेत.

"घरी लहान मूल आहे?"

"मुलगी आहे. सहा वर्षांची."

"झोपते कुठं?"

शांतानंच सांगितलं, "यायच्याच कुशीत जी."

बेबीला आणवलं. तिच्या हातावर मॉन्टूची सुई टोचली. कातडीत औषध टोचतात, तीन दिवसांनी तिथं गाठ उठली तर जंतू शरीरात शिरले असं समजायचं. गाठ उठली नाही. एक्स-रेही साफ निघाला. मी हात जोडले, तर डॉक्टर म्हणाले, "इतक्यात हात जोडू नका. कधी कधी दिसायला वेळ लागतो. वर्षभर लक्ष ठेवा. खोकला, ताप, भूक मंदावणं, काहीही दिसलं की आणा."

वर्षभर! त्या दिवसापासून मला माझ्या फुप्फुसाचं काही वाटेनासं झालं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. दिवाळी ते शिमगा, चार महिने, पोरगी माझ्या छातीला नाक लावून झोपली होती.

वॉर्डात दोन महिने काढले. रोज स्ट्रेप्टोमायसिनचं इंजेक्शन. त्यानं कानात रातकिडे ओरडल्यासारखा आवाज येतो, उठलं की जमीन झुलते. गोळ्यांनी मळमळायचं. एकूण उपचार दीड वर्ष, असं डॉक्टरांनी बजावलं. "दोन महिन्यांत तुम्हाला बरं वाटायला लागेल. तेच धोक्याचं. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडणारे सगळे माझ्याकडे परत येतात, आणि परत आल्यावर माझ्या हातात फारसं काही नसतं."

असा परत आलेला एक जण माझ्या शेजारच्याच खाटेवर होता. घुग्घुसच्या कोळसा खाणीतला वासुदेवभाऊ. दोनदा औषध सोडलेला. दिवसभर तो छताकडे बघत पडायचा आणि मी भिंतीकडे. मला जगावंसं वाटत नव्हतं, साफ सांगतो. पोरीला आजार देऊन आपण बरं व्हायचं, हे कसलं बरं होणं? जेवणाचं ताट मी तसंच परत पाठवू लागलो.

शांता आठवड्यातून एकदा यायची. एका खेपेला तिनं पिशवीतून माझा जुना डबा कॅमेरा काढला आणि खाटेवर आपटला. हा साधा कॅमेरा मी वर्षानुवर्षं माळ्यावर टाकून दिला होता. एका रोलवर बारा फोटो, दोनच बटणं.

"इथी भिंतीकडे पाहून पाहून मरसान तुमी," ती म्हणाली. "मरायचंच असंन तं बारा फोटो काढून मरा. रोल भरून आणला मी."

माझ्या या बायकोला रोल भरता येतो हे मला त्या दिवशी कळलं.

पहिला फोटो काढायला तीन दिवस लागले. खिडकीत स्टीलचा पेला होता. सकाळी नऊच्या सुमारास त्यावर उन्हाची तिरीप यायची आणि समोरच्या भिंतीवर त्याचं पाणी हलायचं. गिऱ्हाइकाशिवाय, कोणी सांगितल्याशिवाय मी आयुष्यात फोटो काढला नव्हता. तो काढला. त्या दिवशी दुपारचं जेवण मी पूर्ण जेवलो, आणि जेवलो याचीच लाज वाटली.

वासुदेवभाऊ पाहत होता. "माहा एक काढतोस का?" तो म्हणाला. "घरी माहा एकबी फोटो नाई. जो हाय तो खाणीच्या पासवरचा. टोपी घातलेला. पोरं म्हणते, हा कोण होय?" मी त्याला खिडकीशी बसवलं, केस विंचरून दिले. "हलू नको," मी म्हटलं. "हलाची ताकद कुठी हाय बापा," तो म्हणाला आणि हसला. हसतानाच बटण दाबलं.

अकरा दिवसांनी त्याची खाट रिकामी झाली. रोल अजून कॅमेऱ्यातच होता.

पावसाळ्याच्या तोंडावर मला घरी सोडलं. थुंकीत अजून जंतू होते म्हणून घरापुढच्या छपरीत माझी खाट. वेगळं ताट, वेगळा पेला. खाटेपासून आठ हात अंतरावर मी चुन्याची जाड रेघ मारून घेतली. बेबीनं तिच्या पलीकडेच राहायचं. ती रेघेला पायाची बोटं लावून उभी राहायची. "इतकं चालते का? अन् इतकं?" अंगठा रेघेवर ठेवून ती विचारायची. मी ओरडायचो. मला ओरडणं सोपं जायचं.

बरं झालं, त्या डबा कॅमेऱ्याला जवळचं स्पष्ट दिसतच नाही. त्याला सहा-सात हात अंतर लागतंच. आम्हा बापलेकीला ते सोयीचं पडलं. मी रोज एकच फोटो काढायचा असं ठरवलं. पुढं फिल्म वाचवायला दोन-तीन दिवसांआड. दिवसभर खाटेवरून शोधायचं, आज कशाचा? रेघेवर चालणारी कोंबडी. भाताच्या रोवणीहून परतणाऱ्या बाया, गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर मोऱ्या. मोऱ्या म्हणजे आमच्याकडचं पावसात डोक्यावरून पाठीवर घ्यायचं पानांचं आच्छादन. चुलीच्या धुरात शांताचा अर्धा चेहरा. वीस वर्षं मी या माणसांना स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यापुढं काठीसारखं ताठ उभं केलं होतं. ती अशी दिसतात हे मला माहीत नव्हतं. आनंद व्हायचा, का खोटं बोलू? आणि मग बेबी शिंकली की कॅमेरा खाली ठेवून तिच्याकडे बघत बसायचो.

डार्करूममध्ये जायला डॉक्टरांनी मनाई केली होती. कोंदट हवा माझ्या छातीला वाईट, आणि माझा खोकला त्या खोलीला वाईट. म्हणून फिल्म धुवायला शांता आत आणि मी बाहेर खाटेवर घड्याळ घेऊन.

"हलव!" मी ओरडायचो.

"हलवून राह्यली ना!"

"नुसती धरून बसू नको, हलव!"

"तुमी आपली छाती संभाळा, बोंबलू नोका!"

पहिला रोल धुऊन तिनं दोरीवर वाळत घातला. दुपारी मी तो आभाळाकडे धरून पाहिला. तीन-चार फोटोंवर गोल कोरे ठिपके होते. वासुदेवभाऊच्या कपाळावरच एक. बुडबुडे! माझ्या तोंडावर शिवी आली होती. पण ती बाहेर पडली नाही.

त्या ठिपक्याला काठ होता. बांगडीनं कापल्यासारखा स्वच्छ, गोल काठ. आत कोरं, बाहेर चित्र.

"शांते, पेटीतली माझी पहिली फिल्म आण," मी म्हटलं.

दोन्ही फिल्मा आभाळाकडे धरल्या. माझ्या छातीतल्या त्या डागाला काठ नव्हता. तो कडेला विरत विरत गेला होता, कापसाच्या पुंजक्यासारखा. बुडबुडा असा कधी विरत नाही. शिकाऊ पोरालाही कळेल. आणि मग मला आठवलं. त्या दिवशी डॉक्टरांच्या खिडकीत मी तो विरलेला काठ पाहिला होता. डोळ्यांनी पाहिला होता! पाहिला, घाबरलो, आणि हसलो.

मी शांताला सांगितलं. चुकलो नव्हतो, खोटं बोललो होतो, स्वतःशीच. माझ्यामुळे पोरगी... ढसाढसा रडलो.

तिनं जवळ येऊन पाठीवर हात वगैरे फिरवला नाही. "मले मालूम होतं," ती म्हणाली. "तुमी त्या दिवशी हासत घरी आले. तुमी भेता तवाच असे हासता. मीच बोलली नाई तुमच्या तोंडाले भिऊन. तं तुमची एकट्याची नाई, माहीबी चूक हाय. आता रडणं बस करा. पोरीवर ध्यान ठेवा."

कपाळावरचा ठिपका मी ब्रशनं भरून काढला आणि वासुदेवभाऊचा फोटो घुग्घुसला पाठवला. हसतानाचा.

दसऱ्याला थुंकी निगेटिव्ह आली. जंतू नाहीत, आता माझ्यापासून कोणाला धोका नाही. घरी येऊन मी स्वतः खराटा घेतला आणि ती चुन्याची रेघ घासून काढली. बेबी तरीही तिथंच थांबली. "ये," म्हटलं. ती आली आणि माझ्या मांडीवर बसली. हलकी लागली. मला वाटलं, किती दिवसांनी उचलतो आहे, म्हणून असेल.

तीन आठवड्यांनी ती खोकू लागली.

आठ दिवस आम्ही दोघं एकमेकांशी त्याबद्दल बोललो नाही. आठव्या दिवशी शांतानं पिशवी भरली. वडशाच्या गाडीत बेबी खिडकीला कपाळ टेकवून बसली होती, आणि मी तिचा प्रत्येक खोकला एकेक बोट मिटून मोजत होतो. पुन्हा मॉन्टू. या वेळी तिच्या हातावर रुपयाएवढी लाल गाठ उठली. पुन्हा एक्स-रे. दवाखान्याच्या बाकावर शांता जमिनीकडे बघत होती. तुमच्यापैकी जे त्या बाकावर बसले असतील त्यांना मी काय सांगू? त्या बाकावर मी मनातल्या मनात माझं धड असलेलं फुप्फुससुद्धा देऊन टाकलं, घेणारं कोणी नव्हतं.

डॉक्टरांनी फिल्म खिडकीला लावली. बाजूला सरकून मला जागा दिली.

एवढुशी छाती. चिमणीच्या काड्यांसारख्या बरगड्या. आणि मधोमध, श्वासनळीच्या बाजूला, एक पांढुरका डाग. मी त्याचा काठ शोधू लागलो. जीव तोडून शोधला. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाच्या तरी फिल्मवर बुडबुडा सापडावा म्हणून तडफडत होतो. काठ नव्हता. डाग कडेला विरत गेला होता.

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. शांता माझ्याकडे बघत होती. मी हसलो नाही.

"बुडबुडा नाही साहेब," मी म्हटलं. "औषध सुरू करा. आजच करा."

"प्रायमरी कॉम्प्लेक्स," ते म्हणाले. लहान मुलांचा टीबी. फुप्फुसाजवळच्या गाठी सुजतात. "लवकर आणलंत. औषध पूर्ण घेतलं तर बरी होईल." मग पुन्हा म्हणाले, "तुम्ही लवकर आणलंत, भाऊ."

पुढचं वर्ष घरात दोघं पेशंट. सकाळी ओट्यावर दोन वाट्या, दोघांच्या गोळ्या. मी आधी गिळायचो, मग ती. कधी ओकायची, मग पुन्हा गिळायची. पोरगी वाळत गेली. अंगणात बाकीची पोरं धावायची आणि ती दाराच्या चौकटीला टेकून बसायची. मी तिचे फोटो काढायचो. सगळे फोटो सुंदर आले, एकही हललेला नाही. जन्मभर मी गिऱ्हाइकांवर खेकसत आलो, हलू नका, हलू नका. आता समोर अशी पोरगी बसली होती की तिला सांगावंच लागत नव्हतं. तिचे ते स्थिर, स्वच्छ फोटो मी आभाळाकडे धरून पाहायचो आणि लगेच पेटीत टाकून द्यायचो.

आंब्याच्या दिवसांत, तिच्या औषधाचे सहा-सात महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. मी छपरीतून समोरच्या आंब्याचा फोटो काढत होतो. चौकटीतून काहीतरी सटकन गेलं. बटण दाबलं गेलं होतं. त्या डब्याचं शटर मंद, धावतं माणूस त्यात पकडलं जात नाही.

बेबी धापा टाकत माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तोंड एवढंसं झालेलं. "बाबा, मी हालली," ती म्हणाली. "फोटो खराब झाला ना?"

तिच्या मुठीत कैरी होती. ती धावली होती. धाप लागली होती, पण खोकला नव्हता.

औषध आम्ही दोघांनी शेवटच्या गोळीपर्यंत घेतलं. आज तिच्या फिल्मवर एक बारीकसा ठिपका उरलाय, भरलेल्या जखमेचा. माझ्या फुप्फुसाचा वरचा तुकडा गेला तो गेलाच; चढ चढताना धाप लागते. त्या डॉक्टरांचे पाय धरावेत एवढं त्यांचं देणं आहे. शांताचं कसं फेडायचं ते मला कळत नाही. स्टुडिओत फिल्म अजून तीच धुते, आणि माझ्यापेक्षा चांगली धुते. फोटोला आलेला कोणी सारखा खोकत असला तर मी त्याला दिव्यापुढं बसवत नाही. आधी माझी ती पहिली फिल्म खिडकीला लावून दाखवतो आणि दवाखान्यात पाठवतो. फोटो नंतर. काही लोक रागावून दुसरीकडे जातात, जावोत.

दुकानाच्या दर्शनी काचेत आधी मी लग्नाचे निवडक फोटो लावायचो. आता मधोमध तो एकच आहे. अर्ध्या चौकटीत आंब्याचं खोड, आणि बाकीच्यात नुसता एक फिकट पट्टा. नाक नाही, डोळे नाहीत, फ्रॉकचा घेर तेवढा ओळखू येतो. बाजाराच्या दिवशी लोक थांबतात, काचेला नाक लावतात.

"जयभीम, भाऊ," परवा एक जण म्हणाला. "इतके वर्स फोटो काढून राह्यले तुमी, अन् काचीत हा काऊन लावला? हा तं हालला ना."

"हो," मी म्हटलं. "माझी पोरगी आहे ती."